मेंढ्यांच्या नावांची झाडं

त्यांनी ते पान तोंडात टाकलं, तेव्हा मी हातमोजे घालून उभी होते.

विट्याकडच्या एका शेताच्या बांधावरून पोलिसांनी उपटून आणलेली झाडं आमच्या प्रयोगशाळेच्या ओट्यावर पसरलेली होती. बोटं फाकवलेल्या पंज्यासारखी पानं, कडा दातेरी. सोबत आलेल्या हवालदाराने सांगितलं होतं की बातमी पक्की आहे, गांजाच आहे, म्हातारा शेतकरी दिसायला गरीब असला तरी आतल्या गाठीचा आहे. मी दोन दिवस तयारी करत होते. पानातून डीएनए कसा काढायचा, कोणत्या खुणा तपासायच्या, सगळं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेच्या कॉलेजाकडे पोलिसांनी असं काम पहिल्यांदाच पाठवलं होतं, आणि ते माझ्या नावाने पाठवलं होतं.

तेवढ्यात आमच्याच विभागातले सर आले. फाटकातून कधी येत नसत, मागच्या कुंपणातल्या फटीतून येत. चपला दाराबाहेर काढल्या, ओट्यापाशी आले, एक पान खुडलं, डोळे मिटून हुंगलं आणि चक्क खाल्लं.

"अहो साहेब, मुद्देमाल आहे तो!" हवालदार ओरडला.

"अंबाडी हाय," सर चावता चावता म्हणाले. "आंबट लागतीया. म्हाताऱ्याला सोडा आन् ही जुडी घरी न्या. लसणाची फोडणी देऊन भाजी करायला सांगा."

हवालदाराने घाबरत घाबरत एक पान चाखलं. मग तो हसायला लागला. दारात उभे असलेले विद्यार्थी हसायला लागले. सरांनी एक पान माझ्यापुढे धरलं, "घ्या म्याडम, गुन्ह्यात भागी व्हा," म्हणाले. हातमोज्यांमुळे मला ते नीट धरताही येईना.

दोन दिवसांनी माझ्या यंत्रानेही तेच सांगितलं असतं. हे वाक्य मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आईला फोनवर सांगितलं, आणि इतक्या वर्षांनी अजूनही सांगते आहे, यावरून काय ते समजावं.

सर जत तालुक्यातले. घरची मेंढरं. वडील दरवर्षी कळप घेऊन नदीकाठच्या मुलखात चालत यायचे आणि हे लहानपणी त्यांच्याबरोबर. कोणतं झुडूप मेंढरू खातं, कोणतं हुंगून सोडतं, कोणतं खाऊन फुगतं, हे त्यांना अक्षरओळख व्हायच्या आधी कळत होतं. पुढे शिकत शिकत गवतांवर डॉक्टरेट केली, पण बोलणं बदललं नाही. वर्गातही "आता ह्यो परागकण हाय न्हवं, ह्यो लय उनाड," असं शिकवायचे. सुरुवातीला मुलं हसायची. नंतर दुसऱ्या वर्गातली मुलं येऊन खिडकीत उभी राहायची.

मी साताऱ्याची. वडील शिक्षक, घरात शुद्ध बोलायची शिस्त. पुण्यात शिकले, पहिल्या वर्गात आले. ते डीएनएचं यंत्र कॉलेजात यावं म्हणून चार वेळा प्रस्ताव लिहिले, तीनदा नाकारला गेला. चौथ्यांदा यंत्र आलं त्याच वर्षी सर नोकरीला लागले. यंत्राचं खोकं उघडताना ते म्हणाले होते, "ह्यात काय घालायचं आन् काय निघतंय, ते एकदा मला सांगा." मी सांगितलं. तासभर सांगितलं. सहा महिन्यांनी पोलीस त्यांना विचारायला लागले, मला नाही.

त्यांना काही येत नव्हतं, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण येत होतं. एखादी गोष्ट समजली की ती त्यांच्या हातात उतरायची. माझे नमुने दहातले दोन बिघडायचे, त्यांचा एखादाच. मी नियम पाळून काम करायचे, ते उकिडवे स्टुलावर बसून गुणगुणत करायचे. खुर्चीवर कधी बसले नाहीत. खुर्चीत बसलं की डोकं झोपतं, असं त्यांचं मत होतं.

गांजा आहे की नाही हे सरकारी प्रयोगशाळेतले रसायनवाले सांगतात. तो कुठल्या झाडाचा आहे हे त्यांना सांगता येत नाही. ते आम्ही शोधत होतो. झाडाच्या डीएनएत काही ठिकाणी तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. किती वेळा येतात, तो आकडा झाडागणिक वेगळा. पण एकाच झाडाच्या फांद्या कापून लावल्या, तर त्या सगळ्या झाडांत आकडे तंतोतंत सारखे. गांजा पिकवणारे चांगलं मादी झाड हेरून त्याच्या फांद्या लावतात. म्हणजे एका शेतातली झाडं दुसरीकडच्या कोणत्या झाडापासून झाली, ते पोलिसांना कळू शकतं.

हे सगळं मी न्यायालयातल्या एका अधिकाऱ्याला वीस मिनिटं समजावत होते. सर मागून म्हणाले, "झाड कुणाचं लेकरू हाय, त्ये आमी सांगतो. कुणी लावलं, त्ये झाड सांगत न्हाई." अधिकाऱ्याने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. माझ्या वीस मिनिटांतलं एकही नाही.

पोलिसांना त्यांनी जे वळण लावलं तेही मला जमलं नसतं. पूर्वी पोलीस ओली पानं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणायचे. सांगलीच्या उन्हात ती आमच्यापर्यंत येईतो कुजून जायची. मी तीन पत्रं पाठवली, नमुने कागदात आणा म्हणून. उत्तर नाही. एकदा एक फौजदार अशीच पिशवी घेऊन आला, तर सरांनी ती उघडून त्याच्या नाकापाशी धरली. "तुमची भाकरी अशी बांधून देती का वो बायको?" फौजदार बारका झाला. त्यानंतर पुण्याच्या वाटेवरच्या लोणंदपासून इकडे मिरजेपर्यंत सगळ्या ठाण्यांतून पानं वर्तमानपत्रात गुंडाळून, सावलीत सुकवून यायला लागली. लोक त्यांच्यावर रागावत नसत. मी तेच शब्द वापरले असते तर तक्रार झाली असती.

त्यांचे दोन दोष होते आणि ते मी मनात जपून ठेवले होते.

एक, ते नमुन्यांना आकडे देत नसत. नळ्यांवर मेंढ्यांची नावं लिहायचे. कबरी, चांदी, बानी, ढवळी. कुठलं नाव कुठल्या नमुन्याचं, ते खिशातल्या डायरीत. "आकडं सगळं सारखंच दिसतंय," म्हणायचे. "कळपात शंभर मेंढरं असली तरी नावानं हाक मारली की मान वर करतंय त्येच करतंय." विभागप्रमुखांपुढे मी दोनदा हरकत घेतली. त्यांनी हसून सोडून दिलं.

दुसरा, ते फोटो बघत नसत. पोलिसांनी पंचनाम्याबरोबर झाडांचे फोटो लावलेले असायचे. सर ते पाकीट उघडायचेच नाहीत. "फोटूला वास येत न्हाई," एवढंच कारण.

याच दोन दोषांवर ते एक दिवस आपटणार, हे मला ठाऊक होतं. मी वाट बघत होते म्हटलं तरी चालेल.

ते प्रकरण कोरेगाव तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदाराचं. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढून गावी आलेला माणूस, चार एकर ऊस. पोलिसांना उसाच्या मधोमध गांजाची चाळीसेक झाडं सापडली. ऊस डोक्याच्या वर गेला की महिनोन् महिने आत कोणी जात नाही, हे सगळ्यांना माहीत. सुभेदाराचं म्हणणं, मला काही ठाऊक नाही. पण त्याच्या घरामागच्या परड्यात, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं गांजाचं एक झाड निघालं. त्याची बायको म्हणाली, ते आपोआप उगवलंय, सासरे भजनी होते, त्यांच्या चिलमीतलं बी पडलं असेल. यावर कोण विश्वास ठेवणार? सुभेदाराला अटक झाली.

त्याच आठवड्यात लोणंदजवळच्या एका रोपवाटिकेत छापा पडला. तो माणूस उसाची रोपं तयार करून विकायचा आणि त्याचीच टोळी शेतात लावून द्यायची. सुभेदाराचा ऊस त्याच टोळीने लावला होता. रोपवाटिकेच्या मागच्या बाजूला एक मोठं गांजाचं झाड मिळालं, बऱ्याच फांद्या छाटलेलं.

म्हणजे प्रश्न सरळ होता. उसातली झाडं परड्यातल्या झाडाची की रोपवाटिकेतल्या? परड्यातल्या झाडाची निघाली तर सुभेदार गुन्हेगार. रोपवाटिकेतली निघाली तर तो माणूस गिऱ्हाइकांच्या उसात त्यांच्या नकळत गांजा लावत होता. न्यायाधीश म्हणाले, कॉलेजचा अहवाल येऊ दे, मग जामिनाचं बघू.

सर त्या उसात जाऊन आले. अनवाणी. बाहेर आले तेव्हा तोंडावर पात्यांचे ओरखडे होते. जीपमध्ये मला म्हणाले, "आत कुणीतरी येतंय म्याडम. पर घराच्या अंगानं न्हाई. कालव्याच्या अंगानं वाट पडलीया. सुभेदार न्हाई त्यो." सुभेदाराच्या घरी मात्र ते गेले नाहीत. परड्यातल्या आणि रोपवाटिकेतल्या झाडांची पानं पोलिसांनी पुड्यांतून आणून दिली.

त्यांनी उसातल्या झाडांना कबरी नाव दिलं. परड्यातलं झाड चांदी, रोपवाटिकेतलं बानी. काम आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी अहवाल लिहून झाला आणि ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"म्याडम, परड्यातल्या झाडाशी जुळतंय. असं कसं निघालं वो?"

मी अहवाल घेतला. विभागप्रमुखांनी मला नजर टाकायला सांगितलंच होतं. मी आकड्यांचा तक्ता पाहिला. मग पंचनाम्याच्या पाकिटातून फोटो काढले.

गांजात नर झाड वेगळं, मादी वेगळं. नराच्या डीएनएत एक तुकडा जास्तीचा असतो, तो मादीत नसतो. तक्त्यात लिहिलं होतं: उसातली झाडं मादी, परड्यातलं मादी, रोपवाटिकेतलं नर. आणि फोटोत परड्यातल्या झाडाला पिवळ्या परागांनी भरलेल्या फुलांचे घोस लोंबत होते. नर झाड. लहान मुलालाही दाखवलं तर कळेल असं. रोपवाटिकेतल्या झाडाला घट्ट, गोंडेदार कणसं. मादी.

चांदी आणि बानी यांची अदलाबदल झाली होती. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. डायरीवरून अहवालात उतरवताना सरांनी दोन नावं उलट लावली होती. मला हे समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

सर समोर उभे होते. "माझं पाय सांगत्यात न्हाई म्हणून," ते पुन्हा म्हणाले. "पर पायाचं कोर्टात चालत न्हाई."

मी फोटो पाकिटात परत घातले.

"आकडे खोटं बोलत नाहीत, सर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. अहवालावर दुसरी सही माझी हवी होती. मी म्हटलं, काम सगळं तुमचं आहे, माझी सही नको. सर बाहेर गेले आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले की बाई मोठ्या मनाच्या आहेत, दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेत नाहीत. मी ते ऐकलं आणि डबा खायला बसले.

मला त्या सुभेदाराचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर तो माझ्या विचारातच नव्हता. मी असं धरून चालले होते की त्याचा वकील फोटो बघेल, भर कोर्टात सरांना धरेल, आणि मग सगळ्यांना कळेल की मेंढ्यांची नावं देऊन विज्ञान होत नाही. सुभेदार आठवड्याभरात सुटेल असा माझा हिशेब. सुनावणी पुढे ढकलली गेली. मग पुन्हा ढकलली गेली. मी रोज वर्गावर जात होते, शिकवत होते, पालेभाजी आणत होते. खरं काय ते सांगायला एकदाही फोन उचलला नाही.

जामिनाच्या सुनावणीला अहवाल समजावून सांगायला न्यायाधीशांनी सरांना साताऱ्याला बोलावलं. मी रजा टाकून गेले. आईला भेटायचंय असं घरी सांगितलं. बघायला गेले होते.

कोर्टाच्या व्हरांड्यात सर पायरीवर उकिडवे बसले होते. शेजारी सुभेदाराची बायको होती, पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. हा आपल्या नवऱ्याविरुद्ध बोलायला आलेला माणूस आहे, हे तिला ठाऊक नव्हतं किंवा असूनही ती बोलत होती. मी खांबापलीकडे उभी होते.

"आवं साहेब, त्या झाडानं वैताग आणला हुता मला," ती सांगत होती. "वारा आला की पिवळी भुकटी सांडायची. वाळत घातलेल्या धुण्यावर बसायची. मालकांच्या पांढऱ्या सदऱ्याला डाग. मी म्हनायची उपटा, तर म्हनायचं, वडलांच्या हातचं बी हाय, ऱ्हाऊ द्या."

सरांनी मान वर केली. "पिवळी भुकटी?"

"व्हय की. हळदीवानी."

"त्याच झाडाची? नक्की?"

"परड्यात दुसरं झाड हायच कुठं?"

सर उठले. सरकारी वकिलाकडे गेले आणि फायलीतलं फोटोंचं पाकीट मागून घेतलं. उभ्यानेच उघडलं. एक फोटो बघितला, दुसरा बघितला. खिशातून डायरी काढली. बोट ओळीवरून फिरवत नेलं. मग भिंतीला हात टेकून तसेच उभे राहिले. मला तिथून त्यांची फक्त पाठ दिसत होती, पण पाठीवरूनही कळत होतं.

ते काहीतरी युक्ती काढतील, असं मला वाटलं. मी असते तर काढली असती. यंत्रावर ढकललं असतं, नमुना पुरेसा नव्हता म्हटलं असतं, तारीख मागून घेतली असती.

पुकारा झाल्यावर ते आत गेले, शपथ घेतली आणि न्यायाधीशांनी काही विचारायच्या आधी बोलले. पुस्तकी मराठीत बोलले. त्यांना ती येते, हे मला त्या दिवशी कळलं.

"साहेब, माझ्या अहवालात चूक आहे. दोन नमुन्यांची नावं मी उलट लिहिली. परड्यातलं झाड नर आहे. उसातली झाडं मादी आहेत. त्यामुळे ती त्या झाडाच्या फांद्यांची असूच शकत नाहीत. फोटो मी पाहायला हवे होते, पाहिले नाहीत. चूक यंत्राची नाही, पोलिसांची नाही. माझी आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्हाला हे केव्हा लक्षात आलं?"

"आत्ता. बाहेर, पायरीवर."

"एक माणूस तुमच्या कागदामुळे तुरुंगात आहे, याची कल्पना आहे?"

"आहे, साहेब."

वकील हसला नाही, कोणीच हसलं नाही. पिंजऱ्यात उभा असलेला सुभेदार, सडपातळ, ताठ, दाढीचे खुंट पांढरे झालेले, सरांकडे एकटक बघत होता. मी मागच्या बाकावर बसले होते. हाच क्षण बघायला मी आले होते आणि तो माझ्यासमोर घडत होता, पण त्यात मला हवं होतं ते काहीच नव्हतं. सर खाली पडायला हवे होते. त्या खोलीत तेवढा एकच माणूस उभा आहे असं वाटत होतं.

न्यायाधीशांनी राखून ठेवलेल्या सीलबंद पुड्यांवरून फेरतपासणी करायला सांगितली. दुसऱ्या व्यक्तीकडून. विभागप्रमुखांनी माझं नाव दिलं.

मी तपासणी केली. नळ्यांवर एक, दोन, तीन लिहिलं. निकाल मला आधीच ठाऊक होता. उसातली झाडं आणि रोपवाटिकेतलं झाड, एकेक आकडा जुळला. त्या कागदाच्या जोरावर पोलिसांनी रोपवाटिकेच्या आणखी गिऱ्हाइकांचे ऊस शोधले, दोन ठिकाणी तशीच झाडं मिळाली. सुभेदार जामिनावर बाहेर आला आणि पुढे खटल्यातूनच त्याचं नाव वगळलं गेलं. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, प्राध्यापिकेच्या तपासणीमुळे माजी सैनिक निर्दोष. त्याच बातमीत खाली चार ओळी, पहिल्या तज्ज्ञाच्या घोळाबद्दल.

कॉलेजने प्रयोगशाळा माझ्याकडे दिली. सरांची बदली संस्थेच्या जतच्या शाखेत झाली. तिथे यंत्र नव्हतं. जाताना त्यांनी नळ्यांचा डबा धुऊन, पुसून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आकडंच बरं म्याडम. तुमचं खरं हुतं."

जे मागत होते ते सगळं मिळालं होतं. पोलीस यायचे, पुडी ठेवायचे आणि विचारायचे, "सर नाहीत का हो?" विद्यार्थी सुट्टीत जतला जायचे, त्यांच्याबरोबर माळावर हिंडून यायचे आणि माझ्या वर्गात बसून एकमेकांना ते सांगायचे. माझा नवरासुद्धा एकदा म्हणाला, "तुमचे ते मेंढरांचे सर गेले, तुझ्या गोष्टीतली मजा गेली." मी ताट उचलून आत गेले.

सात-आठ महिन्यांनी मी जतला गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. त्यांना अजूनही मी मोठ्या मनाची वाटते, हे सहन होत नव्हतं. पण त्यामागे पश्चात्ताप होता की त्यांच्या तोंडून एकदा तरी माझ्याबद्दल वाईट ऐकायचं होतं, कोण जाणे.

ते शाखेच्या आवारात, लिंबाखाली उकिडवे बसून मुलांना गवताची पाती चावायला देत होते. मला बघून खरोखर आनंदले. मुलांना पाठवून दिलं. घरून चहा मागवला.

मी चहा यायच्या आधी सांगितलं. फोटो बघितले होते. अदलाबदल कळली होती. तुम्ही माझ्या टेबलापाशी उभे होतात तेव्हाच.

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग म्हणाले, "अहवाल जायच्या आदी?"

"हो."

"म्हंजे कोर्टापतुर सव्वीस दिस."

मला वाटलं होतं ते हसतील, चूक माझीच हुती म्हणतील, मला सोडून देतील. माझ्या मनातल्या सरांनी तसं केलं असतं.

"माझ्यावर डूख हुता तर माझी कॉलर धरायची!" ते एकदम उभे राहिले. आवाज फाटला होता. "वर्गात येऊन चार पोरांम्होरं बोलायचं, ह्या मेंढक्याला काय कळतंय म्हणून. मी ऐकून घेतलं असतं. त्या सुभेदारानं तुमचं काय केलं हुतं? त्याच्या बायकूनं? मी चुकलो, मला दिसलं न्हवतं. तुमाला दिसत हुतं, म्याडम!"

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोने कप खाली ठेवला आणि ती मागे सरली.

"माफ करा," मी म्हणाले.

"मला कशाला? माझं काय गेलं? मला आवडतंय हितं." ते श्वास घेत थांबले. "ज्याचं गेलं त्याला जाऊन सांगा. आन् सांगून झाल्याबिगर माझ्या दारात येऊ नका."

चहा तसाच राहिला. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

पुढच्या रविवारी मी कोरेगावच्या बाजूला गाडी वळवली. सुभेदाराने मला वर्तमानपत्रातल्या फोटोवरून ओळखलं. "म्याडम आल्यात, आपल्या म्याडम!" म्हणून बायकोला हाक मारली, खुर्ची झटकली, पाण्याचा तांब्या स्वतः आणला. परड्यातली जागा मोकळी होती. त्या जागी कोथिंबीर टाकली होती. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, सगळं, एकही गोष्ट न गाळता. सांगताना मी त्याच्या पायांकडे बघत होते.

त्याने पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. बायको दाराची चौकट धरून उभी होती.

"त्या सव्वीस दिवसांत झोप लागत हुती का तुम्हाला?" त्याने विचारलं. रागाने नाही. माहिती करून घ्यावी तसं.

खोटं बोलावंसं फार वाटलं.

"लागत होती," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. "मला न्हाई लागली." मग चालत फाटकापाशी गेला आणि ते उघडून धरलं. मी बाहेर पडले. तेवढ्यात त्याची बायको मागून म्हणाली, "त्ये सर कसं हायेत वो? पायरीवर बसल्यालं?"

"बरे आहेत. जतला आहेत."

"माणूस म्हंजे माणूस," सुभेदार म्हणाला. माझ्याशी नाही, बायकोशी. "कोर्टात उभं राहून चुकलो म्हणाला. अठ्ठावीस वर्षांत असा एक अधिकारी न्हाई बघितला मी."

गाडी सुरू केली, रस्त्याला लागले. डोळे भरून आले होते आणि मला वाटलं, चला, शेवटी आपल्यालाही लाज वाटली. पण पुलापर्यंत पोचेतो लक्षात आलं की मी त्या सुभेदाराच्या रात्रींचा विचार करत नव्हते. तो ज्या आवाजात सरांबद्दल बोलला, त्या आवाजात माझ्याबद्दल कधी कोणी बोलेल का, एवढंच मनात चाललं होतं.